दिवाडीचा बांध

मुलांनो, गोव्याचा मोठा नकाशा कुठे मिळाला तर पणजीवर बोट ठेवा आणि मांडवी नदीवरून उजवीकडे सरकत चला. थोडं पुढे गेलं की नदीला फाटे फुटलेले दिसतील आणि त्यांच्या मधे जमिनीचे मोठे तुकडे लागतील. एक चोडण, दुसरं दिवाडी. ही बेटं आहेत. बेट म्हटलं की आपल्याला समुद्र, वाळू आणि माड आठवतात. पण ही नदीतली बेटं. दिवाडीला वाळू नाहीच. तिथे आहेत भाताची शेतं, चिखल, खेकडे आणि बांध. आणि मधल्या टेकडीवर एक जुनं, पांढरंशुभ्र चर्च.

या दिवाडीला माझी मावशी दिलेली आहे. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. ‘बेट म्हणजे काय’ हे सांगायची वेळ आली की कुणीतरी विचारतंच, “बाई, तुम्ही बेटावर गेलाय?” मग मी दिवाडीची गोष्ट सांगते. फेरीबोटीची सांगते, चर्चची सांगते. पण त्यातला एक भाग मी वर्गात कधीच सांगितलेला नाही. तो आज तुम्हाला सांगते.

१९९८ सालचा ऑगस्ट महिना. मी पाचवीत होते, दहा वर्षांची. आमचं गाव सावंतवाडीजवळ. गणपती अगदी तोंडावर आलेले आणि घरात साफसफाईची धांदल चाललेली. तरीही आई मला घेऊन तीन दिवसांसाठी मावशीकडे गेली, कारण मावशीच्या गावात ‘बोंदेरां’ होतं. बोंदेरां म्हणजे काय ते पुढे सांगते.

एस.टी.नं पणजी, तिथून दुसऱ्या बसनं जुने गोवे. बसमधून उतरून आम्ही नदीकडे चालत गेलो. वाटेत एक दगडी कमान लागते. पोर्तुगीज राजवटीत नवा व्हाइसरॉय आला की तो या कमानीखालून शहरात यायचा. आम्ही मात्र उलट्या दिशेनं, हातात पिशव्या आणि मावशीसाठी आणलेला फणसाच्या साटांचा डबा घेऊन धक्क्यावर गेलो. फेरीबोट म्हणजे पाण्यावर तरंगणारं अंगणच. पुढची लोखंडी फळी धाडकन खाली पडते, माणसं, स्कूटर, पाववाल्याची सायकल, सगळं आत चढतं आणि फळी वर होते. पायी जाणाऱ्यांना तिकीट नव्हतं. मला ते खरंच वाटेना. मी आईला दोनदा विचारलं, “फुकट? खरंच फुकट?”

नदीच्या मध्यावर आल्यावर एका काकांनी लांबवर बोट दाखवून रेल्वेचा पूल दाखवला. कोकण रेल्वे त्याच वर्षी २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली होती. रूळ दिवाडी बेट ओलांडून जातात, पण बेटावर स्टेशन नाही. “गाडी आमच्या शेतातून जाते नि आम्ही बोटीतून,” असं म्हणून ते काका मोठ्यानं हसले.

पलीकडे उतरल्यावर मला पहिल्यांदा काय दिसलं असेल? कुंपणं. इतकी कुंपणं मी एका जागी पाहिलीच नव्हती. घराभोवती जांभ्या दगडाचे बुटके गडगे. परसातल्या भाजीला बांबू आणि काटक्यांची वई, म्हणजे गुरं अडवणारं कुंपण. वईला एक बेडं, म्हणजे आत जायची छोटी फाटकी. शेताशेतांमधे मेरा. आणि या सगळ्यांच्या बाहेरून, नदीच्या कडेकडेनं, मातीचा आणि दगडाचा उंच बांध. मी मावसदादाला विचारलं, “हे कुणासाठी? इकडे वाघ येतात?” दादा सातवीत होता आणि त्याला भारी अक्कल होती. तो म्हणाला, “वाघ कशाला? पाणी येतं.”

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. समुद्राला भरती आली की खारं पाणी मांडवीतून आत चढतं. दिवाडीची पुष्कळशी शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहेत. अशा जमिनीला खाजण म्हणतात. बांध नसता तर ती दिवसातून दोनदा पाण्याखाली गेली असती. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजण आहे आणि ते कुण्या इंजिनीअरनं नव्हे, तर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखल थापून नदीकडून मिळवलेलं आहे. हे काम किती जुनं? दीड हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला इथे भोज राजे होते. त्यांच्या एका ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द आलेला आहे.

पण नुसता बांध घालून भागत नाही. पावसाचं पाणी आत साचलं तर ते बाहेर कुठून जाणार? त्यासाठी बांधात एक दार ठेवतात. त्याला म्हणतात मानस. दादानं मला पहिल्याच दिवशी तिथे नेलं. दगडी चौकट आणि तिच्यात वरून अडकवलेल्या जाड लाकडी झडपा. भरती आली की बाहेरचं पाणी झडपेला दाबतं आणि झडप मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलतं आणि झडप उघडते. माणूस नको, वीज नको, काही नको. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. आजही विज्ञानाच्या तासाला ‘दाब’ शिकवताना मला तीच झडप आठवते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळं लावलं की बाहेर पडणाऱ्या पाण्यातले मासे आणि कोळंबी त्यात सापडतात. म्हणजे त्याच दारातून भातही राखायचं नि मासेही धरायचे.

मावशीच्या शेजारी एक ख्रिस्ती आजोबा राहत. तिकडे आजोबांना शापाय म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना शापायच म्हणायचो. त्यांचं आणि काकांचं शेत एकाच बांधाच्या आतलं. संध्याकाळी चड्डी आणि बनियन घालून, हातात काठी घेऊन ते बांधावरून चक्कर मारत आणि मधेमधे वाकून काहीतरी बघत. काय बघतात ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसरा दिवस शुक्रवार. दादा शाळेत गेलेला. दुपारचा पाऊस थांबला, ऊन पडलं आणि मी एकटीच बांधावर गेले. ओहोटी होती. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवराची झुडपं आणि काळा, चकचकीत चिखल. तिथे एक लालसर खेकडा माझ्याकडे बघत बसला होता. मी पाय उचलला की तो बिळात, मी थांबले की बाहेर. असं चार-पाच वेळा झालं आणि मला त्याचा रागच आला. मी एक काठी शोधली आणि बिळात घातली. मग काठीनं बीळ मोठं केलं. मग हात घातला. माती मऊ होती. कोपरापर्यंत हात आत गेला तरी खेकडा काही लागेना. मी आणखी उकरलं. तेवढ्यात वरचा ढेकूळ सुटला, जेवणाच्या ताटाएवढा, आणि घसरत खाली गेला. खेकडा कुठे गेला ते कळलंच नाही.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. गवत उपटून त्या भोकात कोंबलं, वर थोडा चिखल लावला, हातपाय धुतले आणि घरी आले. मावशीनं गरम पाव आणि चहा दिला.

रात्री जेवणं झाल्यावर सगळी मंडळी शापायच्या ओसरीवर जमली. तिथल्या घरांना दारापुढे बसायला दगडी बाकं असतात. उद्याच्या बोंदेरांची तयारी चालली होती. दादा आणि त्याचे मित्र बांबूच्या नळ्यांचे फोटाश करत होते. फोटाश म्हणजे खेळण्यातली बंदूक. नळीत हिरव्या तेफळाचे दाणे भरायचे आणि मागून दट्ट्या मारायचा, की दाणा फट्‌कन सुटतो. मलाही एक मिळाला होता. मी खुशीत होते.

तेवढ्यात काका म्हणाले, “आज अमावास्येचं उधाण. मध्यरात्रीला भरती मोठी.”

आणि शापाय त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगायला लागले. अशाच एका उधाणाच्या रात्री बांध फुटला होता. सुरुवात झाली ती खेकड्याच्या बिळातून. आधी बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी, आणि तासाभरात बैलगाडी जाईल एवढं भगदाड. मध्यरात्री टेकडीवरच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवून लोकांना उठवलं. हिंदू, ख्रिस्ती, सगळे कंदील घेऊन धावले, पण बांध सकाळपर्यंत काही बांधला गेला नाही. भर पावसात नदीचं पाणी बरंचसं गोडं असतं. पण पाऊस ओसरला की खारं पाणी वर चढतं, आणि तोवर भगदाड बुजलं नाही तर ते थेट शेतात. “मागीर दोन पावस ल्हवपाक लागले,” शापाय म्हणाले. म्हणजे जमिनीतलं मीठ धुऊन जायला पुढचे दोन पावसाळे लागले.

माझ्या हातातला फोटाश तसाच राहिला.

अंथरुणावर पडल्यावर मी डोळे मिटून घेतले, पण झोप कुठली यायला! मी काय काय विचार केला ते सांगते, हसू नका. गवत कोंबलंय, म्हणजे काही होणार नाही. झालंच तर खेकड्यानं केलं असं सगळ्यांना वाटेल. आपण परवा घरी जाणार आहोत. हा शेवटचा विचार आला आणि मला रडू फुटलं. मावशी उठून आली. “काय गो? पोटात दुखतंय?” मी मान हलवली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

मावशीनं काही न बोलता काकांना हाक मारली. दहा वाजून गेले होते. काकांनी बॅटरी घेतली, कुदळ घेतली आणि कुंपणावरून शापायना हाक दिली. ते कंदील घेऊन आले, वाडीतले आणखी दोघे आले. गोठ्यातून पेंढ्याचे भारे उचलले. आणि काका मला म्हणाले, “चल. जागा कोण दाखवणार?”

अंधारात बांधावर पाणी केवढं वर आलेलं! दुपारी जिथे चिखल होता तिथे आता नुसती काळी नदी. बांधाच्या आतल्या अंगाला, शेताच्या बाजूनं, बारीक आवाज येत होता, नळ नीट बंद न केल्यासारखा. काकांनी बॅटरी मारली. धार आत येत होती. बोटाहून जाड, मनगटाहून बारीक.

मला वाटलं आता थप्पड बसणार. शापायनी माझा हात धरला. पण मारलं नाही. म्हणाले, “खंयसर मेरेन हात गेल्लो? दाखय.” हात कुठपर्यंत गेला होता ते दाखव. मी कोपराच्या वर बोट ठेवलं. त्यांनी काठी माझ्या हाताला लावून तेवढं माप घेतलं आणि बांधावर तेवढ्याच अंतरावर कुदळ मारायला सांगितली. बीळ नुसतं वरून लिंपून चालत नाही. सैल माती आधी काढून टाकावी लागते, मग घट्ट चिखल आणि पेंढा, पुन्हा चिखल आणि पेंढा, असे थर देऊन पायानं चेपावे लागतात. मोठी माणसं चिखल आणून टाकत होती. चेपायला काकांनी मला उभं केलं. “तूच चेप.” मी परकर खोचून चेपत होते, पाऊस पुन्हा सुरू झाला होता, आणि शापाय कंदिलावर छत्री धरून उभे होते. स्वतःवर नाही, कंदिलावर.

आवाज थांबला तेव्हा किती वाजले होते ठाऊक नाही. भरती चढून उतरायला लागेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. परत येताना शापाय एवढंच म्हणाले, “बाय, उदकाक वाट दाखय नाका गो.” पाण्याला वाट दाखवू नकोस. आईला मावशीनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. आईनं मला त्याबद्दल आजपर्यंत विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, बोंदेरांचा. दर वर्षी ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी हा सण असतो. पोर्तुगीज भाषेत ‘बांदेइरा’ म्हणजे झेंडा, त्यावरून हे नाव आलं. पूर्वी गावातल्या वाड्यांचे जमिनीच्या हद्दीवरून वाद व्हायचे, कधी मारामाऱ्याही व्हायच्या. म्हणून पोर्तुगीज अंमलात हद्दीवर झेंडे रोवले गेले. पण लोक ते झेंडेच दगड मारून पाडायला लागले! त्या भांडणाची आता मिरवणूक झाली आहे. रंगीत झेंडे, वाजंत्री, चित्ररथ, आणि दगडांऐवजी तेफळाचे दाणे. मी तीन वेळा नेम धरला, तिन्ही वेळा दादाच्या पाठीत.

मिरवणुकीच्या आधी सकाळी शापाय आम्हा दोघांना टेकडीवर घेऊन गेले. चर्चचं नाव ‘नोसा सिन्योरा दा पिएदाद’, म्हणजे करुणामयी माता. गावालाही पिएदाद म्हणतात. आजची इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. ती उभारली अंतोनियो जुआंव द फ्रियास या धर्मगुरूंनी, आणि ते पोर्तुगालहून आलेले नव्हते, गोव्याचेच होते. आत गेल्यावर भिंतींवर आणि छतावर पांढऱ्या गिलाव्याचं नक्षीकाम आहे, साखरेच्या पाकानं काढल्यासारखं. शेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे. त्याचं दगडी कोरीव छत मात्र चर्चहून कितीतरी जुनं, कदंब राजांच्या काळातल्या देवळाचं, असं सांगतात. शापायनी आत जाताना टोपी काढली, चॅपेलमध्येही काढली. दादा नि मी चपला काढल्या.

पण मला आठवतं ते चर्चच्या दारातून दिसणारं. नदीपलीकडे जुन्या गोव्याची मोठमोठी चर्चं झाडीतून डोकं वर काढून उभी होती, आणि पायाखाली आख्खं बेट. हिरवे चौकोन, चौकोनांभोवती रेघा, आणि सगळ्यांच्या बाहेरून बांधाची एक जाड रेघ. भरतीची वेळ होत आली होती. नदी त्या रेघेला टेकलेली, आणि रेघेच्या आत भात उभं. मी आमची जागा शोधत होते. एवढ्या वरून ती कुठली दिसायला! शापायना विचारलं तर त्यांनी काठीनं नेमकी दाखवली.

त्यानंतर मी दिवाडीला बरेचदा गेले, पण अलीकडची सांगण्यासारखी खेप २०२३ च्या मे महिन्यातली. माझी मुलगी बरोबर होती. आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्व्याला गेलो. तिथे सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं, कदंब राजांच्या दैवताचं. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते मोडलं तेव्हा लिंग भाताच्या शेताच्या बांधात लपलेलं होतं आणि विजयनगरच्या माधव मंत्र्यानं ते काढून पुन्हा देऊळ बांधलं, अशी तिथली कथा आहे. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीत नेलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवलं. त्या गावाचंही नाव नार्वेच. मधे नदी, दोन्ही तीरांवर नार्वे, आणि फेरीबोट. डिचोलीकडच्या देवळाची दुरुस्ती होऊन ते २०२३ च्या फेब्रुवारीतच पुन्हा खुलं झालं होतं. मुलगी म्हणाली, “आई, देव पण बांधात लपले होते?” मी म्हटलं, “हो. आणि खेकडेसुद्धा.”

शापाय आता नाहीत. त्यांच्या घराला कुलूप आहे, मुलं परदेशी. ओसरीवरच्या बाकावर मावशीची मांजर झोपते. काका थकले आहेत, दादा पणजीला नोकरीला जातो आणि संध्याकाळच्या फेरीनं परततो. काकांचं खाजण अजून पिकतं. त्यात ते अजून कोरगूट पेरतात, खारं सोसणारा जुना भात. त्यापलीकडच्या शेतांचा बांध मात्र काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात फुटला तो कुणी बांधलाच नाही. आता तिथे तिवरं वाढली आहेत आणि बगळे बसतात. फार सुंदर दिसतं, हे खरं आहे. मुलीनं फोटोही काढले. दादा म्हणाला, “माणसंच नाहीत गो. चिखल उचलणार कोण?” मी शहाण्यासारखं काहीतरी बोलणार होते, पण गप्प बसले. मीसुद्धा वर्षातून दोन दिवस येणारी.

आम्ही माझी जागा शोधायला गेलो. तिथे आता दगड बसवलेत. दादा म्हणतो इथे, मी म्हणते चार पावलं पुढे. शेवटपर्यंत ठरलं नाही.

तुम्ही आईबाबांबरोबर जुने गोवे बघायला गेलात तर धक्क्यापर्यंत जाच. दिवाडीची फेरी तिथूनच सुटते. सकाळी चर्चवर जा, ऊन चढायच्या आत. उतरताना गावात कुणालाही भरती कधी लागते ते विचारा, लोकांना ते पाठ असतं. त्या वेळी मानशीजवळ उभे राहा. बोलू नका. आधी पाणी थांबल्यासारखं होतं, गवताची एखादी काडी जागच्या जागी फिरत राहते, आणि मग लाकडी झडप हळूच येऊन दगडाला टेकते. आवाज फार मोठा नसतो, पण ऐकू येतो.